चतुरस्र, चतुरस्त्र आणि दुर्गाबाई खोटे

प्रश्न असा आला आहे: "आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी दुर्गाबाई खोट्यांवर लेख लिहिते आहे. त्यात 'जवळजवळ पन्नास वर्षं पडदा गाजवणारी चतुरस्त्र अभिनेत्री' असं लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्यांनी त्यातला 'त' उडवून 'चतुरस्र' केलं. घरी विचारलं तर यजमान म्हणाले, एवढी भानगड कशाला, सरळ 'अष्टपैलू' लिही. यातलं बरोबर काय? आणि या शब्दाचा 'चतुर'शी काही संबंध आहे का?"

ताई, मुद्रितं तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. शब्द 'चतुरस्र' असाच आहे, त्यात 'त' नाही. यजमानांनी सुचवलेला 'अष्टपैलू'ही चुकीचा नाही, पण तो वेगळं काही सांगतो. दुर्गाबाईंविषयी लिहिताना तो फरक जपावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाची फोड. 'चतुर्' म्हणजे चार आणि 'अस्र' म्हणजे कोपरा, कोन. ज्याला चार कोपरे आहेत ते चतुरस्र. 'चतुर्' आणि 'अंग' मिळून जसं 'चतुरंग' होतं, हत्ती-घोडे-रथ-पायदळ अशा चार अंगांचं सैन्य, तसंच हे. हुशार या अर्थाचा 'चतुर' हा संस्कृतात निराळा शब्द आहे, त्याचा इथे संबंध नाही. कानाला मात्र तो ऐकू येतो आणि त्यामुळे वाचणाऱ्याचा समज होतो की 'चतुर' असलेली ती 'चतुरस्त्र'. 'अस्त्र' घेतलं तर अर्थ होईल 'चार अस्त्रं असलेली', आणि तसं तर कुणालाच म्हणायचं नसतं.

मग हा 'त' येतो कुठून? अडाणीपणातून खचितच नाही. 'स'कडून 'र'कडे जाताना जिभेचं टोक क्षणभर वर टेकतं आणि तेवढ्यात एक हलका 'त' उमटतो. म्हणून सहस्रचं सहस्त्र होतं, हिंस्रचं हिंस्त्र, स्रोतचं स्त्रोत, अजस्रचं अजस्त्र. जगभरच्या जिभा हेच करतात. संस्कृतात 'स्रु' म्हणजे वाहणे, त्यावरून 'स्रोत' आणि 'स्राव'. याच मुळातला इंग्रजी शब्द आहे 'स्ट्रीम'. त्यांच्या भाषेत तो 'ट' फार पूर्वीच शिरला आणि कायमचा राहिला. म्हणजे बोलताना 'चतुरस्त्र' निघालं तर तो जिभेचा स्वभाव आहे, त्याबद्दल कुणाला टोकू नये. लिहिताना मात्र तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहायचा हा आपला नियम आहे आणि इथे तो पाळायला हवा, कारण शस्त्र, शास्त्र, वस्त्र, स्त्री यांत 'त' खरोखरच आहे. दोन्ही गटांची सरमिसळ झाली की शब्दाचं मूळ दिसेनासं होतं. आडनावांचं वेगळं. एखादं घराणं 'सहस्त्रबुद्धे' असं लिहीत असेल तर ते त्यांचं नाव आहे, ते आपण सुधारू नये.

आता अर्थाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. चार कोपरे असलेली वस्तू ते सगळ्या बाजूंनी संपन्न कलावंत, हा प्रवास झाला कसा?

आमच्याकडे एकदा जुना चौरंग दुरुस्तीला काढला होता. मिस्त्रींनी चारी पाय नीट बसवले, प्रत्येक कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, लावून पाहिला आणि तरीही समाधान झालं नाही म्हणून सुतळी काढली. या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ती ताणली, बोटाने खूण धरली, मग तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. दोन्ही मापं जुळली तेव्हा म्हणाले, "आता गुण्यात आला." चार कोपरे असणं पुरेसं नव्हतं. एक कोपरा जरा बाहेर गेला असता तर त्याची खोट समोरच्या कोपऱ्यात निघाली असती. 'चतुरस्र' या शब्दाच्या पोटात हेच आहे. संख्या चार, पण आशय प्रमाणबद्धतेचा: कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

कालिदासाने हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात पार्वती वयात येते, तेव्हा कुंचल्याने उमललेल्या चित्रासारखं आणि सूर्यकिरणांनी फुललेल्या कमळासारखं तिचं रूप 'चतुरस्रशोभि' झालं, असं तो म्हणतो. पार्वती काही चौकोनी नव्हती. कुठल्याही अंगाने पाहावं तरी शोभा सारखीच, असं त्याला सांगायचं आहे. भूमितीतला शब्द सौंदर्याकडे वळला तो असा.

आणि नाटकाशी तर या शब्दाचं नातं फार जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाचे तीन आकार सांगितले आहेत: विकृष्ट म्हणजे लांबट, चतुरस्र म्हणजे चौरस आणि त्र्यस्र म्हणजे तिकोनी. त्यातलं चतुरस्र नाट्यगृह 32 हात लांब आणि 32 हात रुंद. त्याच ग्रंथात नृत्तातल्या हातांच्या एका स्थितीलाही चतुरस्र हेच नाव आहे. दोन्ही हात छातीपासून आठ अंगुळं पुढे, खटकामुख मुद्रेत, आणि कोपर व खांदे एका पातळीत. पुढच्या कितीतरी हालचाली तिथून निघतात. तबला शिकणाऱ्यांना तिस्र आणि चतस्र जाती ठाऊक असतात, ती याच त्र्यस्र-चतुरस्रची बोलण्यात घासलेली रूपं. तेव्हा अभिनय करणाऱ्या बाईला 'चतुरस्र' म्हणताना आपण शब्द परक्या ठिकाणाहून आणत नाही, तो रंगभूमीच्या घरचाच आहे.

मराठीत तर तो आणखी एका वेषात रोज आपल्या तोंडी असतो. 'चतुरस्र'चाच प्राकृतातून झिजत आलेला अवतार म्हणजे 'चौरस'. चौरस फूट, चौरस मीटर हे झालंच, पण 'चौरस आहार' आठवा. त्यात भाकरीचा आकार कुणी मोजत नाही. सगळं योग्य प्रमाणात आहे, काही कमी पडत नाही, असा त्याचा अर्थ. कालिदासाचा 'चतुरस्र' आणि शाळेच्या पुस्तकातला 'चौरस आहार' यांच्यामधला हा धागा सापडतो तेव्हा मला फार आनंद होतो.

आता 'अष्टपैलू'. 'पैलू' फारसीतल्या 'पहलू'वरून आला, म्हणजे बाजू. आपण तो हिऱ्याच्या संदर्भात पक्का केला: पैलू पाडणे, पैलूदार हिरा. हिरा फिरवला की एकेक पैलू चमकतो, तशी ज्याची निरनिराळी अंगं चमकतात तो अष्टपैलू. क्रिकेटमध्ये फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणाऱ्याला आपण हाच शब्द देतो आणि तो तिथे चपखल बसतो. त्यात भर विविधतेवर आहे. 'हरहुन्नरी'त भर हिकमतीवर आहे. जे काम पडेल ते जमवून नेणारा माणूस. इंग्रजी 'व्हर्सटाइल'चं मूळ लॅटिनमध्ये 'फिरणारं, वळणारं' असं आहे, म्हणून त्याला 'अष्टपैलू' जवळचा. वर्तमानपत्रांत हे सगळे शब्द एकाच मापाने वाटले जातात. मला ते पटत नाही. 'अष्टपैलू' सांगतो की बाजू पुष्कळ आहेत, 'चतुरस्र' सांगतो की एकही बाजू लंगडी नाही. पहिला शब्द मोजून देता येतो, दुसरा पारखूनच द्यावा लागतो.

दुर्गाबाईंना कुठला द्यायचा? त्यासाठी त्यांच्या कामाकडेच पाहायला हवं.

1931 साली 'फरेबी जाल'मधल्या छोट्या कामाने सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा हीच तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण काम करायला बाई मिळत नव्हती. त्यानंतर अवघ्या 19 वर्षांनी मुंबईच्या एका सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातली बाई तीच भूमिका घेऊन बोलपटात उभी राहिली, मराठीत आणि हिंदीतही. मग 1936च्या 'अमरज्योती'त सौदामिनी, अन्यायाने पेटून समुद्रावर लुटारूंचं नेतृत्व करणारी. म्हणजे सोसणारी राणी आणि उलटून उठणारी बाई, दोन्ही चार वर्षांच्या आत. 1937 साली त्यांनी 'साथी' नावाचा चित्रपट काढला आणि दिग्दर्शनही स्वतःच केलं. 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. 1960 साली 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई, नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये सापडलेली. 1968 साली पद्मश्री मिळाली. सत्तरी जवळ आली असताना 'बिदाई'साठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार, आणि 1983 साली दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्यांच्या चित्रपटाला तारामती करायला बाई मिळाली नव्हती त्यांच्याच नावाचा पुरस्कार.

एवढी यादी 'अष्टपैलू' म्हणायला पुरते. पण 1973 सालचा 'बॉबी' पुन्हा पाहा. त्यातल्या मिसेस ब्रगांझा, बॉबीची आजी आणि नायक राजाला वाढवणाऱ्या गोव्याकडच्या ख्रिस्ती बाई. आपल्याला लक्षात राहते ती दार उघडणारी, हाताला पीठ लागलेली बॉबी. पण राजा त्या दारात येतो तो मुळात या आजीला भेटायला. त्याला आई-वडिलांकडे न मिळालेली माया त्या घरात आहे हे आपल्याला पटलं नाही तर पुढची सगळी प्रेमकथा हवेत राहील. दुर्गाबाईंच्या वाट्याला प्रसंग थोडे आहेत आणि त्यांत त्या भाव खाऊन जायचा प्रयत्नही करत नाहीत. जेवढं लागतं तेवढं देतात. मला 'चतुरस्र' म्हणजे काय ते इथे कळतं. जोधाबाईचा भरजरी पोशाख आणि मिसेस ब्रगांझांचा साधा झगा, दोन्ही टोकांना सुतळी धरून पाहावी, माप सारखंच भरतं.

रंगभूमीवरही तेच. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये त्यांनी मराठी लेडी मॅकबेथ उभी केली. आणि खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त नानासाहेब फाटकांबरोबर आनंदीबाई केली. 'धरावे'चं 'मारावे' करून 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका जिच्या नावावर आहे तीच ही आनंदीबाई. एका अक्षराने काय घडू शकतं हे मराठी माणसाला त्या नावाइतकं दुसऱ्या कशानेही आठवत नाही. लेखात एका 'त'चा एवढा विचार तुम्ही केलात, तेव्हा हा उल्लेख तुम्हाला आवडेल असं वाटलं.

शिवाय पडद्यामागचं काम. त्यांच्या निर्मितिसंस्थेने जाहिरातपट काढले, दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' ही मालिकाही त्यांच्याच संस्थेची. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मकथन स्वच्छ, नेमक्या मराठीत लिहिलेलं आहे. अभिनय, निर्मिती, दिग्दर्शन, लेखन असे मोजून चार कोपरे काढायचा मोह होईल, पण तो टाळा. 'चतुरस्र'मधल्या चाराचा हिशेब असा जुळवायचा नसतो. तीन क्षेत्रांत काम केलेला माणूसही चतुरस्र असू शकतो, आणि दहा क्षेत्रांत हात घातलेला नसूही शकतो.

वापराबद्दल थोडं. 'चतुरस्र' बहुधा प्रतिभा, व्यासंग, व्यक्तिमत्त्व आणि कलावंत यांना लावतात: चतुरस्र अभिनेत्री, चतुरस्र प्रतिभेच्या दुर्गाबाई. एखाद्या भूमिकेला तो लावू नये, 'चतुरस्र भूमिका केल्या' हे कानाला खटकतं, तिथे 'नाना तऱ्हेच्या' म्हणा. आणि 'अष्टपैलू व चतुरस्र अभिनेत्री' असे दोन्ही शब्द शेजारी ठेवले की एकाचंही वजन राहत नाही. टाइप करताना 'स'चा पाय मोडून थेट 'र' द्या. फोनवरच्या काही कळफलकांत आपोआप येणाऱ्या सूचनेत 'चतुरस्त्र' दिसतं, ते न घेता स्वतः टाइप केलेलं बरं.

तुमचं वाक्य मी असं करीन: "तारामतीपासून मिसेस ब्रगांझांपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं पडद्यावर वावरलेली चतुरस्र अभिनेत्री." 'गाजवणारी' काढलं, कारण दुर्गाबाईंनी नंतरच्या काळात कितीतरी चित्रपट न गाजवता तोलून धरले. पन्नासाचा आकडा बरोबर आहे; 1980च्या 'कर्ज'मध्येही त्या आहेत. जागा असेल तर 'भाऊबंदकी' आणि 'राजमुकुट' यांवर दोन ओळी वाढवा, चित्रपटांवरच्या लेखांत त्यांच्या नाटकांचा उल्लेख बहुतेक राहून जातो. आणि अंक निघाला की एक प्रत मला जरूर पाठवा.