समीकरणं माहितीयेत, मग मॉडेल कशाला?

प्रश्न: मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते ते कॉम्प्युटरवर काढतोय. सॉफ्टवेअर विचारतं टर्ब्युलन्सचं (भोवऱ्यांनी भरलेल्या, अस्ताव्यस्त प्रवाहाचं) मॉडेल कुठलं, सगळे म्हणतात के-एप्सिलॉन टाक. पण हवा-पाण्याचा प्रवाह सांगणारी नेव्हिअर-स्टोक्सची समीकरणं आहेत ना आपल्याकडे? आणि त्या मॉडेलमधला 0.09 कुठून आला?

उत्तर: हा प्रश्न पडला याचा खरंच आनंद झाला, कारण बहुतेक जण लिस्टमधून नाव निवडतात आणि रन मारतात.

टर्ब्युलन्स त्या समीकरणांमध्येच आहे, बाहेरून काही आणावं लागत नाही. अडचण भोवऱ्यांच्या आकाराची आहे. मोठा भोवरा फुटून लहान होतो, त्यातून अजून लहान, असं करत शेवटी चिकटपणा त्याची उष्णता करून टाकतो. हा शेवटचा भोवरा केवढा असतो ते गणितज्ञ कोल्मोगोरोव्हने 1941 मध्ये सांगितलं, त्यावरून हिशोब केला तर रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचा वेग आणि आकार चिकटपणाच्या मानाने किती मोठे ते सांगणारा आकडा) दहापट झाला की ग्रिडचे, म्हणजे हिशोबासाठी टाकलेल्या जाळीचे, पॉइंट साधारण पावणेदोनशेपट लागतात. 1987 मध्ये किम, मोइन आणि मोझर यांनी दोन सपाट भिंतींमधला प्रवाह असा पूर्ण सोडवला, त्यालाच जवळपास 40 लाख पॉइंट लागले, आणि त्याचा रेनॉल्ड्स नंबर खऱ्या पंखाच्या मानाने फारच कमी होता.

म्हणून वेगाची सरासरी आणि तिच्याभोवतीचे चढउतार वेगळे करून फक्त सरासरी सोडवायची, ही रेनॉल्ड्सची 1895 ची युक्ती. पण समीकरणात वेग गुणिले वेग असं पद आहे, त्यामुळे चढउतारांच्या गुणाकाराची सरासरी शून्य न होता शिल्लक राहते. तिच्यासाठी नवीन समीकरण लिहायला जावं तर त्यात तीन चढउतारांचा गुणाकार येतो, मग चारांचा, हे संपतच नाही. याला क्लोजर प्रॉब्लेम म्हणतात, आणि कुठेतरी थांबून उरलेल्या पदासाठी आपण जो अंदाज लावतो ते मॉडेल.

के-एप्सिलॉनचा अंदाज असा की भोवऱ्यांमुळे हवेचा चिकटपणा जणू वाढलाय (कल्पना बुसिनेस्कची, 1877 ची), आणि ही वाढ 0.09 गुणिले के-चा वर्ग भागिले एप्सिलॉन एवढी. के म्हणजे चढउतारांची ऊर्जा, एप्सिलॉन म्हणजे ती किती वेगाने खर्च होते. आता तुमचा आकडा. भिंतीजवळच्या एका थरात जेवढी ऊर्जा तयार होते जवळपास तेवढीच खर्च होते, तिथे मोजलं तर टर्ब्युलंट शिअर स्ट्रेस (भोवऱ्यांमुळे हवेच्या थरांमध्ये होणारी ओढाताण), घनतेने भागून, के-च्या साधारण 0.3 पट भरतो. ऊर्जेचा हा तोल धरून हिशोब केला की मॉडेलमधला आकडा या 0.3 चा वर्ग निघतो, म्हणजे 0.09. बस, एवढंच!

म्हणजे हा निसर्गाचा स्थिरांक नाही, एका ठरावीक परिस्थितीतलं मोजमाप आहे. पंखाचा कोन वाढवलात की मागच्या बाजूला दाब चढत जातो, ऊर्जेचा तो तोल बिघडतो, आणि के-एप्सिलॉन शिअर स्ट्रेस जास्त दाखवून हवा पंखाला चिकटलेलीच ठेवतं, प्रत्यक्षात ती सुटलेली असते. मेंटरचं 1994 चं एसएसटी मॉडेल नेमकं इथेच त्या 0.3 च्या आसपास स्ट्रेसला लगाम घालतं, त्यामुळे तुमच्या कामाला मी ते आधी घेईन. पण दोन्ही चालवा, विंड टनेलच्या आकड्यांशेजारी ठेवा, आणि कुठल्या कोनापासून दोघांची उत्तरं वेगळी व्हायला लागतात ते रिपोर्टमध्ये नक्की लिहा.