‘लेव्हल टेबलस्पून’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधल्या गृहिणींसाठी निघालेल्या पाककृती मराठीत आणायच्या आहेत. त्यांत जागोजागी ‘लेव्हल टेबलस्पून’, म्हणजे काठाबरोबर भरलेला मोठा चमचा, हे माप येते. ‘सपाट चमचा’ चालेल का, की नुसते ‘चमचाभर’ पुरेल? आणि ‘रेशन’ला ‘शिधा’ म्हणावे का?

‘चमचाभर’ तर मुळीच नको. मराठी स्वयंपाकघरात ‘चमचाभर साखर’ म्हटले की चमच्याच्या काठावर साखरेचा ढीग येतोच, आणि तो कोणी पुसत नाही. ‘सपाट चमचा’ म्हटले तर सपाट काय ते कळत नाही. विशेषण चमच्याला चिकटते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उलथन्यासारखी काहीतरी वस्तू उभी राहते. सपाट असायला हवे ते चमच्यातल्या जिनसाचे तोंड. म्हणून निदान शब्दांची जागा तरी बदलावी: ‘चमचा सपाट भरून’.

पण याहून नेमका शब्द मराठीत जुन्यापासून आहे: शीग. धान्य मापताना मापाच्या काठावर जो निमुळता ढीग चढतो, ती शीग. चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे चालू होती तेव्हा माप शीग लावून द्यायचे की बिनशिगेचे, यावर देणाऱ्याचा हात ओळखला जाई. ‘शिगोशीग भरणे’ आणि ‘शिगेला पोहोचणे’ हे प्रयोग त्यातूनच आलेले. उत्कंठा शिगेला पोहोचते असे आपण रोज म्हणतो, पण ती कोणत्या मापाची शीग हे विसरलो आहोत. तेव्हा ‘लेव्हल’साठी बिनशिगेचा चमचा आणि ‘हीप्ड’साठी शिगेचा चमचा. इंग्रजीत मधला एक ‘राउंडेड’ही असतो. त्यात चमच्याच्या खोलगटात जेवढे मावते, तेवढेच काठाच्या वर असते. त्याला ‘गोलसर भरलेला चमचा’ म्हणावे.

इतका काथ्याकूट कशासाठी, तर जुन्या ब्रिटिश पाकपुस्तकांत नुसते ‘टेबलस्पून’ लिहिले असेल तर बहुधा गोलसर भरलेलाच चमचा समजत. बिनशिगेचे दोन म्हणजे गोलसर एक, हा तिथला ढोबळ हिशोब. युद्धकाळातल्या पाककृतींत ‘लेव्हल’ मुद्दाम लिहिलेले असते, कारण जिन्नस मोजून मिळत होता. साखर माणशी आठवड्याला साधारण 8 औंस, म्हणजे 227 ग्रॅम. बिनशिगेचा टेबलस्पून धरला तर हे सोळा चमचे, गोलसर भरला तर आठच. चहा माणशी 2 औंस, म्हणजे 57 ग्रॅम. छोट्या चमच्यात बिनशिगेची चहापूड सुमारे 2 ग्रॅम बसते, तेव्हा दिवसाला चार कप कसेबसे निघत. शीग लावली की दोनच. ‘माणशी एक चमचा आणि किटलीसाठी एक’ या जुन्या रीतीतला किटलीचा चमचा वगळा, असे अन्नखात्याने सांगितले ते याचसाठी.

सर्वांत जपून मोजायची ती अंड्याची पूड. ताजे अंडे माणशी आठवड्याला एक, तेही मिळाले तर. म्हणून 1942 पासून अमेरिकेहून आलेली पूड दर चार आठवड्यांना पाकिटाने मिळू लागली. पाकीट 5 औंसांचे, म्हणजे सुमारे 140 ग्रॅम, आणि त्यात बारा अंडी धरलेली. प्रमाण असे: बिनशिगेचा एक टेबलस्पून पूड आणि दोन टेबलस्पून पाणी म्हणजे एक अंडे. चमच्यावर शीग राहिली तर बारा अंड्यांचे पाकीट सहा-सातांतच संपते. शिवाय मिश्रण घट्ट होऊन ऑम्लेट रबरासारखे चिवट लागते.

भाषांतरात पुढची कृतीही नेमकी यायला हवी. पूड चमच्यात हलक्या हाताने घ्यावी, ठासून भरू नये, चमचा आपटू नये, कारण बारीक पूड लगेच खाली बसते आणि वर आणखी मावते. मग सुरीची पाठ काठावरून ओढून शीग उतरवावी. ‘रीकॉन्स्टिट्यूट’साठी, म्हणजे पुडीत पाणी घालून तिचे पुन्हा अंडे करण्यासाठी, ‘पुनर्घटित’ वगैरे घडवू नका, ‘कालवणे’ आहे. पूड पाण्यात कालवून पाचेक मिनिटे तशीच ठेवायची. तिने पाणी ओढून घेतले की लाकडी चमच्याने गुठळ्या मोडायच्या आणि शेवटी काट्याने फेटायची. न थांबता फेटायला घेतले तर गुठळ्या आतून कोरड्या राहतात आणि तव्यावर पिवळे ठिपके दिसतात. हवी तेवढीच कालवावी, कालवलेली पूड ठेवून देऊ नये.

काही पाककृतींत अंड्यापुढे ‘ड्राय’ असते. तिथे ‘सुके अंडे’ लिहिलेत तर सुक्या बोंबलासारखे काहीतरी वाटेल. ‘पूड कोरडीच घालावी’ असे लिहा. केकमध्ये ती मैद्याबरोबर चाळून घेत, आणि तिच्या वाटणीचे दोन चमचे पाणी दुधात वाढवत. हे पाणी विसरले की केक भुगा होतो.

त्या काळचा ब्रिटिश टेबलस्पून आजच्या 15 मिलीच्या चमच्याहून थोडा मोठा, 17-18 मिलीचा होता. पूड आणि पाणी एकाच चमच्याने मोजले तर प्रमाण बिघडत नाही. वूल्टन पाय या युद्धकाळातल्या भाज्यांच्या पायसारख्या पदार्थात तर याची चिंताच नको. बटाटा, फ्लॉवर, गाजर आणि स्वीड हा सलगमासारखा कंद प्रत्येकी एक पौंड, त्यावर एक चमचा ओटचे भरड पीठ. तिथे शीग राहिली तर रस जरा दाट होतो, एवढेच.

आता ‘रेशन’. मुंबईत 2 मे 1943 पासून शिधावाटप सुरू झाले. मार्च 1942 मध्ये रंगून पडल्यापासून ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता. शिधा म्हणजे न शिजवलेले, मोजून दिलेले धान्य-सामान, म्हणून तिथे तो शब्द चपखल बसला. बोलण्यात मात्र ‘रेशन’ आणि ‘कंट्रोलचा तांदूळ’ हेच रुळले. ब्रिटनच्या यादीत बेकन, लोणी, चीज, चहा आहे. ‘बेकनचा शिधा’ कानाला खटकतो. तिथे ‘रेशन’च ठेवा, आणि ‘रेशन बुक’ला ‘शिधापत्रिका’ न म्हणता ‘रेशनचे पुस्तक’ म्हणा. त्यातली कुपने दुकानदार कापून घेई किंवा त्यांवर खूण करी. ‘पत्रिका’ म्हटले तर हे चित्र उभे राहत नाही.