नववीचा गट पहिल्यांदा बसवताना

शाळेत मुलांचा आत्मसन्मान वाढावा म्हणून गट घेणार असशील, तर पहिल्याच तासाला ‘मनातलं बोला’ म्हणू नकोस. कुणी बोलणार नाही, आणि जो बोलेल त्याला मधल्या सुट्टीत चिडवतील. ही चूक मी केली आहे. आठ-दहाच मुलं घे, बाकं सरकवून गोल बसव आणि तूही खालीच बस. खुर्ची आली की त्याचा तास होतो.

माझ्या गटात ‘मी कशी आहे’ यावर पाच ओळी लिहायच्या होत्या. एकीने एकच लिहिली: ‘मी गणितात ढ आहे.’ मी काही बोलले नाही, कागद गटात फिरवला. प्रत्येकाने तिच्याबद्दल एक गोष्ट लिहायची. कौतुक नको, स्वतः पाहिलेलं हवं. एकाने लिहिलं, ‘मी डबा विसरलो तेव्हा अर्धी पोळी दिली, कुणाला सांगितलं नाही.’ तिने तो कागद घडी घालून कंपासपेटीत ठेवला. हेच मी म्हटलं असतं, तर बाई काय, बोलणारच, म्हणून सोडून दिलं असतं.

समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्गची दहा विधानांची आत्मसन्मान-मापनी (१९६५) हवी तर वापर, पण गुण मुलांना सांगू नकोस. गुणांचा जाच त्यांना आधीच पुरेसा आहे.

गुप्ततेचं वचन मात्र जपून दे. जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार कळला तर मी गप्प बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांग. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने (२०१२) अशा अत्याचाराची खबर देणं बंधनकारकच आहे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे नंबर त्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहून घे. फळ्यावरचे पुसले जातात.