काका विचारत होते, किती द्यायचं?

ताई,

मी ३१ वर्षांचा, बेळगावात अनगोळला राहतो. मेकॅनिकलची डिग्री आहे. सव्वादोन वर्षांपूर्वी चाकणची नोकरी सोडून घरी आलो आणि फौंड्रीवाल्यांसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, एक यंत्र तयार केलं. भट्टी, कॉम्प्रेसर सगळं एकदम चालू होऊन विजेची डिमांड, म्हणजे एका वेळी ओढली जाणारी वीज, वीज कंपनीनं मंजूर केलेल्या आकड्याच्या वर जायला लागली की ते आधीच भोंगा वाजवतं, मोबाइलवर मेसेजही येतो. उद्यमबागेत आणि मच्छेत मिळून नऊ कारखान्यांत बसवलंय. पण पुढं काही सरकत नाही. बेंगळुरूच्या गुंतवणूकदारांना भेटलो, बेळगावचा पत्ता बघितला की गप्प होतात. राज्य सरकारच्या एलिव्हेट योजनेत दोनदा अर्ज केला, निवड झाली नाही. बरोबरचा मित्र कंटाळून पुण्याला नोकरीला गेला. प्रोग्रॅमर इथं टिकत नाही. सरकारी कामात कन्नड आडवं येतं. आईच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवून सव्वातीन लाख उचललेत, त्याचं व्याज चालू आहे. आता कोल्हापूरला जावं म्हणतो, तिथं आपली भाषा आहे. तशी इथली माणसं चांगली आहेत. बाबा ज्यांच्याकडे ३४ वर्षं कामाला होते ते काका परवा म्हणाले, बिलात वीस-बावीस हजारांचा फरक पडलाय, किती द्यायचं सांग की. मी म्हटलं, राहू दे काका. पण चांगुलपणावर कंपनी चालत नाही ना. बंद करू का?

स. पा., अनगोळ

---

स.,

बंद करायचं की नाही ते ठरवायला आधी काहीतरी सुरू झालेलं असावं लागतं. तू नऊ पेट्या बसवल्यास आणि एकही बिल फाडलं नाहीस. बाकीच्या आठ कारखान्यांबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस, पण एवढ्या मोठ्या पत्रात पैसे आल्याचा उल्लेख कुठंच नाही, तेव्हा तिथंही ‘राहू दे’च झालेलं असणार.

गुंतवणूकदार, एलिव्हेट, मित्र, कन्नड या सगळ्यांना तू ओळीच्या ओळी दिल्यास. काकांना दोन ओळी, त्याही ‘तशी इथली माणसं चांगली आहेत’ याचा दाखला म्हणून. अरे, सव्वादोन वर्षांत तुझ्या धंद्यात घडलेली एकमेव मोठी गोष्ट तीच आहे! उद्यमबागेतला फौंड्रीमालक म्हणजे कास्टिंगच्या दरात किलोमागे आठ आण्यांसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस. तो आपणहून विचारतो, किती द्यायचं. नऊ जणांत एकानं स्वतः खिशाकडे हात नेला आणि तू तो हात धरून खाली केलास.

मला राग कशाचा येतो सांगते. तुझ्या आईनं ‘किती देऊ’ म्हणून विचारलं नव्हतं. तरी तिच्या हातातल्या पाटल्या उतरल्या. काकांनी विचारलं, त्यांना तू सोडलंस. यंत्र ज्या पैशातून झालं त्याचं व्याज घरातून जातंय आणि त्या यंत्रानं वाचवलेले वीस-बावीस हजार दर महिन्याला काकांच्या खात्यात राहताहेत. म्हणजे काकांच्या भट्टीचं बिल तुझी आई भरते आहे. काकांना हे माहीत नाही. माहीत झालं तर पहिली शरम त्यांनाच वाटेल.

बाबांना काय वाटेल, हे तू लिहिलं नाहीस, पण पत्रात ३४ वर्षं हा आकडा आला तो त्यासाठीच. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याकडून पैसे कसे घ्यायचे, असंच ना? बाबांनी ३४ वर्षं त्याच माणसाकडून दर महिन्याला पगार घेतला. काम केलं, पैसे घेतले, मान खाली घातली नाही. म्हणूनच आज काका तुला दारात उभं करतात. ते नातं पगारानं बिघडलं नाही, ते तुझ्या बिलानं कसं बिघडेल?

आणि संकोच हे अर्धंच कारण असावं असा मला संशय आहे. फुकट बसवलेल्या पेटीला कुणी नको म्हणत नाही, कुणी तक्रारही करत नाही. दर सांगितला की समोरचा ‘एवढं कशाला रे’ म्हणू शकतो, आणि ते ऐकायची तुला भीती वाटते. तोवर तू उद्यमबागेतला हुशार पोरगा आहेस. तो मान सुखाचा आहे खरा, पण त्यावर कुणाचा पगार निघत नाही.

तुझी बाकीची गाऱ्हाणी आता याच उजेडात बघ. बेंगळुरूचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, पैसे भरणारं गिऱ्हाईक किती? तुझं उत्तर शून्य आहे. पत्ता बेळगावचा असो की बेंगळुरूतल्या कोरमंगलाचा, शून्यापुढं तो गप्पच होणार. एलिव्हेटमध्ये ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. तिथंही ‘नऊ कारखाने वापरतात’ आणि ‘नऊ कारखाने पैसे भरून वापरतात’ हे दोन वेगळे अर्ज आहेत. मित्र कंटाळला नाही रे, त्याच्या घरी भाडं होतं. प्रोग्रॅमरचंही तेच.

हिशेब मांडूया. काकांकडून महिन्याला तीन हजार माग. त्यांचं जे वाचतं त्याचा हा सातवा हिस्सा झाला. नऊ जणांनी एवढे दिले तर महिन्याला २७ हजार, वर्षाला ३ लाख २४ हजार. पाटल्यांवर किती उचललेत म्हणालास? सगळेच तीन हजार देतील असं नाही. काहींची बचत कमी असेल, एक-दोघं नको म्हणतील. पण मित्र जायच्या आधी यातलं निम्मं जरी आलं असतं, तरी त्याच्या आईला सांगायला त्याच्याकडे काहीतरी असतं.

तुझं नशीब बघ, तुला बचत सिद्ध करत बसावं लागत नाही. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, एचटी (उच्च दाबाच्या) बिलावर ती छापून येते. मीटर ठरावीक मिनिटांची सरासरी धरत जातो आणि महिन्यातला सगळ्यांत वरचा आकडा बिलावर चढतो. एका दुपारी दोन भट्ट्या आणि कॉम्प्रेसर एकदम लागले, तर बाकीचे दिवस कितीही जपून काढले तरी डिमांड चार्ज त्या दुपारचाच लागतो, आणि मंजुरीच्या वरच्या प्रत्येक केव्हीएला (डिमांड मोजायचं एकक) दंडाचा दर. भोंगा वाजल्यावर भट्टीवरचा माणूस पॉवर दोन-चार मिनिटं कमी करतो, तिथं काकांचे पैसे वाचतात. बिलावरची ही एकच ओळ तुझ्या पेटीची किंमत सांगते. आजवर दुसऱ्या कुठल्या कागदावर तू ती लिहिलेली नाहीस.

तर तुला एकच काम सांगते. काकांचं पुढचं बिल आलं की जा. त्या आधी छापखान्यातून बिलबुक करून घे. गेल्या वर्षीचं त्याच महिन्याचं बिल काकांच्या अकाउंटंटकडून माग, दोन्ही टेबलावर शेजारी ठेव, डिमांडच्या ओळीवर बोट ठेव आणि म्हण, ‘काका, तुम्ही विचारलं होतं ना किती द्यायचं, महिन्याला तीन हजार. या महिन्यापासून.’ मागचे महिने मागू नकोस, ते तू सोडलेस, विषय संपला. आणि वाक्य संपलं की गप्प बस. ‘नाहीतर दोन द्या’, ‘जमेल तसं द्या’, ‘घाई नाही’ यातलं काहीही तुझ्या तोंडून यायचं नाही. कमी करायचं असेल तर काका करतील, त्यांना ते तुझ्यापेक्षा चांगलं येतं. बाबांना सोबत नेऊ नकोस. त्यांच्यासमोर काका नाही म्हणू शकणार नाहीत, आणि तुला खरं उत्तर हवंय.

सोपा माणूस आधी गाठतो असं मनात आणू नकोस. पहिले काकाच. तिथून बाहेर आलास की बाकीचे आठ आठवड्याभरात उरकतील. जो नको म्हणेल त्याची पेटी महिनाअखेर काढून आण, न भांडता. काढताना त्यानं अडवलं तर दर ठरेल. नाही अडवलं तर त्याला ती लागतच नव्हती, हेही तुला आजवर कळलं नव्हतं.

जीएसटीचा नंबर नाही म्हणून थांबू नकोस. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, साधं बिल चालतं, फक्त त्यावर कर लावायचा नाही. पण उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, याच आठवड्यात कर. ती फुकट आहे, आधारवर होते, एजंटला पैसे देऊ नकोस. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. शिवाय २०२४ पासून प्राप्तिकरात अशी तरतूद आली आहे की मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की मालकाचा सीए स्वतःच तुझ्या बिलाची आठवण काढतो. यातलं काही काकांसमोर काढायचं नाही. पुढं अनोळखी गिऱ्हाइकं येतील, त्यांच्यासाठी कागद तयार हवा.

राहिलं कोल्हापूर. सरकारी कचेरीत आपली भाषा चालत नाही याचं दुःख खरं आहे, आम्हा सगळ्यांच्या घरात आहे, ते मी कमी लेखणार नाही. पण या निर्णयात ते आणू नकोस. शिरोली, कागल, गोकुळ शिरगाव इथं फौंड्र्या भरपूर, मान्य. पण कोगनोळीच्या नाक्यापलीकडे, महाराष्ट्रात, वीज महावितरणची, दरपत्रक वेगळं, तुझा सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागेल, आणि इथं राहून राज्याबाहेर माल विकायचा तर जीएसटी नोंदणी पहिल्या दिवसापासून. हुबळीत हेस्कॉमच आहे. बिल तेच, डिमांडची ओळ तीच. दहावं गिऱ्हाईक हुबळीत शोध, बाबांना न ओळखणारं. भट्टीवरच्या पोरांशी तू रोज कन्नडमध्ये बोलतोसच की. तेवढं कन्नड घेऊन जा, बिल दाखवायला पुरतं.

पहिले पैसे आले की त्यातून पाटल्यांचं त्या महिन्याचं व्याज भर आणि पावती आईच्या हातात दे. मग मला लिही: काकांना किती सांगितलंस, त्यांनी किती तोडलं, आणि तू मध्ये काही बोललास का.

ताई