सकाळच्या पहिल्या सेल्फला येणारा आवाज

प्रश्न : माझा ट्रक 18 वर्षे जुना असून त्याला यांत्रिक डिझेल पंप आहे. थंडी सुरू झाल्यापासून, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की इंजिनातून हातोडी मारल्यासारखी ठकठक येते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. दोन-तीन मिनिटांत दोन्ही थांबते आणि मग दिवसभर गाडी सुरळीत चालते. ऑइलचा दिवा लगेच विझतो. मेकॅनिक म्हणतात की बेअरिंग गेली आहेत, इंजिन उघडावे लागेल. काय करावे?

उत्तर : इंजिन इतक्यात उघडायला देऊ नका. आपण सांगितलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आवाज कधी थांबतो ती वेळ, आणि ती बेअरिंगच्या विरोधात साक्ष देते. बेअरिंग झिजले असेल तर ऑइल तापून पातळ झाल्यावर, विशेषतः चढावर भार पडल्यावर, जड आणि खोल ठोका वाढत जातो. इंजिन गरम होताच तो नाहीसा होत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा मूळ आकारमानाच्या साधारण 16 ते 22 पटींनी दाबली जाऊन इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. थंड इंजिनाच्या भिंती त्या हवेतली उष्णता शोषून घेतात, त्यामुळे डिझेल पेटायला उशीर होतो, तोवर आणखी डिझेल आत येऊन साठते आणि मग सगळे एकदम भडकते. आपल्याला ऐकू येते ती हीच ठकठक. जे डिझेल पेटतच नाही ते पांढरा धूर होऊन बाहेर पडते. म्हणून ठोका आणि धूर एकत्र सुरू होऊन एकत्रच थांबत असतील, तर पहिला संशय ज्वलनावर घ्यावा. धुराचा वासही पाहा. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असेल तर वरचे कारण; वास गोडसर असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधली पट्टी) तपासावे लागेल, आणि त्यात दिरंगाई नको.

आपल्या इंजिनाला ग्लो प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग, असतील तर सुरुवात तिथून करा. प्रत्येकाची वायर काढून मल्टिमीटरने रोध मोजा. चांगल्या प्लगचा रोध फार तर एक-दोन ओहम येतो, जळालेल्याचा काटा हलतही नाही. मोठ्या इंजिनांत मात्र ग्लो प्लग बहुधा नसतात; काहींत आत येणारी हवा तापवणारा हीटर असतो, तो चालू होतो का ते पाहावे.

त्यानंतर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. थंड इंजिन स्लोवर चालू असताना एकेका नोझलच्या पाइपचा नट, भोवती फडके धरून, अर्धा फेरा सैल करावा. त्या सिलिंडरचे डिझेल तुटते. ठोका कमी झाला तर तो त्याच सिलिंडरचा, आणि इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. इथे अनेक जण घाई करतात, म्हणून मुद्दाम सांगतो : ही चाचणी फक्त सिलिंडर दाखवते, कारण नव्हे, कारण भार सुटल्यावर झिजलेले बेअरिंगही शांत होते. म्हणून संशयित नोझल शेजारच्या सिलिंडरला, नवे तांब्याचे वॉशर घालून, बसवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकावे. ठोका नोझलबरोबर सरकला तर नोझल टपकत आहे किंवा नीट फवारत नाही, आणि ते टेस्टिंगला द्यावे. ठोका जागच्या जागी राहिला तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेवर येणारा दाब, मोजून घ्यावे. हे काम चष्मा घालून करावे आणि पाइपसमोर हात कधीही आणू नये, कारण दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. कॉमन रेल इंजिनावर (ज्यात सर्व नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते) तर हा प्रयोग अजिबात करू नये. तिथला दाब 1000 बारच्याही वर जातो.

पांढरा धूर नसता आणि आवाज पोकळ, लाकडावर टकटक केल्यासारखा असता, तर मी पिस्टनकडे बोट दाखवले असते. ॲल्युमिनियमचा पिस्टन थंड असताना सिलिंडरमध्ये किंचित सैल असतो आणि तापून फुगला की आवाज थांबतो. मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाच्या) गॅस्केटमधली फटही अशीच तापल्यावर बंद होते. तिचा आवाज मात्र फटफट असा, आणि जवळपास काजळीचा काळा डाग दिसतो.

तोवर सकाळी गाडी सुरू होताच रेस देऊ नका. आवाज दाबण्यासाठी दिलेली रेस थंड पिस्टनवरचा आघात वाढवते.

प्रश्न : ऑइल आणि फिल्टर बदलल्यापासून सकाळी पहिले चार-पाच सेकंद वरच्या बाजूने खडखड येते. आधी येत नव्हती. काळजी करावी का?

उत्तर : करावी, पण आधी फिल्टरची. इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे ओघळू नये म्हणून अनेक फिल्टरांत रबरी झडप असते. ती नसली किंवा हलकी असली तर रात्रभरात ऑइलच्या वाटा रिकाम्या होतात आणि सकाळी टॅपेटपर्यंत (इंजिनाच्या वरच्या बाजूला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांपर्यंत) ऑइल पोहोचेतो तिथले भाग कोरडे वाजतात. इंजिनासाठी सांगितलेलाच फिल्टर बसवा आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहा. तरीही खडखड राहिली तर टॅपेटची फट मोजून घ्या आणि ऑइलचे प्रेशर गेज लावून तपासा. नुसत्या दिव्यावर विसंबू नका, कारण तो प्रेशर फारच खाली गेल्यावर लागतो.