शॉप अ‍ॅक्टला नाव नोंदवलंय, मग ट्रेडमार्क आत्ताच करावा का?

ताई, तुम्ही चटण्या-लोणच्यांचा घरगुती धंदा सुरू करताय आणि विचारताय की ट्रेडमार्क (मालाच्या नावाच्या मालकीची सरकारी नोंदणी) आत्ता करावा की धंदा वाढल्यावर, आणि नाव कसं निवडावं. आत्ता करा. पहिलं पाकीट छापायच्या आधी अर्ज टाका. "वाढल्यावर बघू" असं आमच्या दादानं म्हटलं होतं, आणि ते आईला भोवलं.

2018 च्या उन्हाळ्यात आम्ही कांदा-लसूण मसाला विकायला काढला. ब्याडगी मिरची किती, संकेश्वरी किती, खोबरं कुठवर भाजायचं, सगळं आईच्या अंदाजानं. कुटताना डंकावर ती स्वतः जाऊन बसायची. माहेरी तिला ज्या नावानं हाक मारायचे तेच नाव मसाल्याला दिलं. इथं लिहीत नाही, कारण आज ते दुसऱ्याच्या मालकीचं आहे. मी तेव्हाच म्हटलं, ट्रेडमार्कचा अर्ज टाकू, ऑनलाइन एका वर्गाची (म्हणजे मालाच्या एका प्रकाराची) फी 4,500 रुपये. दादा म्हणाला, शॉप अ‍ॅक्ट आहे, अन्न परवाना आहे, अजून किती कागद करायचे? तेवढ्या पैशात मिरची येते.

आमचा माल उचलणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्यानं 2020 मध्ये आमच्याच नावाचा अर्ज स्वतःच्या नावावर केला. तो ट्रेडमार्क जर्नल या सरकारी नियतकालिकात छापून आला. तिथून 4 महिने कुणालाही हरकत घेता येते, ऑनलाइन फी 2,700 रुपये. जर्नल दर आठवड्याला निघतं आणि फुकट बघता येतं. आमच्यातल्या कुणी ते उघडलंच नाही, मीसुद्धा नाही. मग त्याच्या वकिलाची नोटीस आली, नाव वापरणं थांबवा म्हणून.

आमचे वकील म्हणाले, आधीपासून नाव वापरणाऱ्याला कायद्यात संरक्षण आहे, कलम 34, समोरच्याची नोंदणी झाली असली तरी. पण पुरावा लागतो. आम्ही पहिली दोन वर्षं रोखीत विकलेलं. शोधून शोधून सापडलं काय, तर पाकिटं छापणाऱ्या प्रेसचं एक बिल आणि बचत गटाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती. तेवढ्यावर लढता येईल, वेळ लागेल, असं वकील म्हणाले. मला लढायचं होतं. दादानं नाव सोडून दिलं. "चव आपल्याकडंच आहे, नावाचं काय?"

पुढं आई एका लग्नाला परगावी गेली होती. तिथल्या किराणा दुकानातून तिनं स्वतःच्या नावाचं पाकीट विकत आणलं, उघडून वास घेतला आणि एवढंच म्हणाली, "ह्यात खोबरं भाजलेलंच नाही."

तर तुमचं. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), अन्न परवाना, यातल्या कशानंही नावावर हक्क येत नाही. कंपनी काढली तरी नाही. लोणचं वर्ग 29 मध्ये येतं आणि चटणी वर्ग 30 मध्ये, म्हणजे तुम्हाला दोन वर्ग आणि 9,000 रुपये लागतील. एकावर भागवू नका. 'घरगुती', 'अस्सल', 'कोल्हापुरी' असली नावं ठेवू नका. मालाचं वर्णन किंवा गावाचं नाव एकट्याच्या मालकीचं सहसा होत नाही. ठरवलेलं नाव नोंदणीच्या वेबसाइटवर शोधा, मराठीतही आणि इंग्रजी स्पेलिंग बदलून बदलूनही. उच्चार सारखा असला तरी अडतं.

आणि अर्ज जिच्या हातची चव आहे तिच्या नावावर करा. नवरा, भाऊ, दीर हिशेब बघतात म्हणून त्यांच्या नावावर नको. आमचा अर्ज आईच्या नावावर असता तर नाव सोडायचं की नाही हे तिला विचारावं लागलं असतं. दादा आजही म्हणतो, नव्या नावानं खप वाढलाच की. वाढला, मान्य. पण ते नाव त्याचं नव्हतं, सोडायचा अधिकारही त्याचा नव्हता.

मी वकील नाही, हेही सांगतो. अर्ज टाकला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. तपासणीत आक्षेप आला तर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तोवर नावापुढं टीएम (™) लावा, वर्तुळातला आर (®) नोंदणी झाल्यावरच. नोंदणी 10 वर्षांची, मग नूतनीकरण.

पहिल्या दिवसापासूनची बिलं मात्र जपा. प्रेसचं ते बिल मी आईच्या ट्रंकेत ठेवलंय. त्यावर नाव आहे आणि तारीखही.