दोन केमो झाल्या, तरी गाठ हाताला लागतेच आहे

"केस गेले, तोंडाची चव गेली, आणि गाठ आहे तिथंच! औषध भलतीकडेच काम करतंय का हो?" स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रियेआधी केमो घेणाऱ्या एका काकूंचा हा प्रश्न. सोबतची लेक रोज रात्री गाठ चाचपून बघायची.

काकूंना दर 21 दिवसांनी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड मिळत होतं. ही औषधं पेशीला मुख्यतः तिच्याच हातून मारतात. पहिलं डीएनए तोडतं, दुसरं त्याचे दोन धागे एकमेकांना जखडतं. नुकसान निस्तरण्यापलीकडे गेलं की पी53 हे प्रथिन मरणाचा हुकूम काढतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पडतात, सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर येतं, प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, आधी कॅस्पेज-9 आणि मग कॅस्पेज-3, कामाला लागतात आणि पेशीचे आतून तुकडे होतात. ते तुकडे भक्षक पेशी गिळतात. हे सगळं निमूटपणे होतं, रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून त्याही औषधाच्या तावडीत सापडतात. पण केस किती गेले यावरून गाठीचं काही कळत नाही.

लेकीला मात्र हिशेब पटला. गोल गाठ 4 सेंटिमीटरची धरा. निम्म्या पेशी गेल्या तरी व्यास उरतो सुमारे 3.2, बोटांना फरक कळणं कठीण. दहातल्या नऊ गेल्या तरी जवळपास 1.9 उरतोच! शिवाय मेलेल्या पेशींच्या जागी व्रणासारखा घट्ट भाग राहतो, तोही गाठीसारखाच लागतो. म्हणून मोजमाप डॉक्टरांच्या तपासणीवर आणि सोनोग्राफीवर सोडावं.

औषध कधीकधी खरंच लागू पडत नाही. पी53 बिघडलेलं असतं, किंवा बीसीएल-2 हे प्रथिन जास्त झाल्यानं भोकं पडतच नाहीत. गाठ वाढली किंवा काखेत नवी लागली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. औषध बदलता येतं.

बोलता बोलता कळलं, घरी "ताकदीचा" काढाही चालू होता. तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. आणि गाठीपेक्षा थर्मामीटर जवळ ठेवा, हे दोघींना बजावलं. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. ताप 100.4 फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी थेट रुग्णालयात जायचं.